सायकलचा धक्का लागून कुणाला इजा झाली, तर भरपाई कोणी द्यायची? सायकलस्वारानं थर्ड पार्टी विमा घ्यावा का?

सिंहगडरोडकर

पुण्यात सायकलने ऑफिसला ये-जा करणाऱ्यांचा एक गट आहे, साधारण चाळीस जण. गटाची लेखी नियमावली करायची आहे. हेल्मेट, दिवे, घंटी, आरसा यांवर सगळ्यांचं एकमत झालं. घोडं अडलंय ते विम्यावर. जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं:

समजा सायकलस्वाराची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं. मोटारसायकलच्या अपघातात ट्रायब्युनल असतं, विमा कंपनी असते. सायकलच्या बाबतीत काय? आपल्याकडे असा विमा मिळतो का, आणि घ्यायचाच तर किती रकमेचा? गटातल्या नऊ जणांच्या सायकली बॅटरीवर चालतात, त्यांतल्या दोन साध्या सायकलला बाहेरून किट बसवून घेतलेल्या आहेत. त्यांचं काही वेगळं आहे का? आणि शेवटचा प्रश्न, गटानं विमा सक्तीचा करावा का?

"सगळ्यांचा वीस रुपयांचा सुरक्षा विमा आहेच की" असं काहींचं म्हणणं आहे.

---

कलम१४६

वीस रुपयांच्या विम्यापासूनच सुरू करतो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना ही *तुमच्या* मृत्यूची आणि अपंगत्वाची आहे. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. तुमचं हाड मोडलं तर दवाखान्याचं बिलही त्यातून मिळत नाही. मग तुमच्यामुळे दुसऱ्याचं मोडलं तर काही मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो "मोटार वाहना"ला. पायडलची सायकल त्या व्याख्येत येत नाही, म्हणून विम्याची सक्ती नाही. हा अर्धा भाग सगळ्यांना माहीत असतो. उरलेला अर्धा असा, की जखमी माणसासाठी त्या कायद्यात जे जे आहे ते सगळं "मोटार वाहनाच्या वापरातून झालेला अपघात" या एका अटीवर टांगलेलं आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण (कलम १६५, १६६), चूक सिद्ध न करता मिळणारे मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख (कलम १६४), धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या प्रकरणातले २ लाख आणि ५० हजार (कलम १६१), आणि २०२५ पासून सुरू झालेले पहिल्या सात दिवसांतले दीड लाखापर्यंतचे कॅशलेस उपचार. सायकलची धडक बसलेल्या आजोबांना यातलं एकही दार उघडं नाही.

त्यांना उरतो दिवाणी दावा. त्यात निष्काळजीपणा त्यांनीच सिद्ध करायचा आणि मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फीही त्यांनीच भरायची. मृत्यू झाला तर वारसांचा दावा आजही १८५५ च्या जीवघातक अपघात कायद्याखाली जातो, मुदत दोन वर्षं. निकाल बाजूने लागला तरी वसुली सायकलस्वाराच्या पगारातून आणि मालमत्तेतून. मध्ये विमा कंपनी नसल्यामुळे दोघंही भरडले जातात. आजोबांना वेळेवर पैसे मिळत नाहीत, आणि स्वाराच्या मागे वर्षानुवर्षं तगादा लागतो.

फौजदारी बाजूला सायकलला सूट नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये "कोणतंही वाहन" आहे, फक्त मोटार नाही: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापत झाली तर १२५(ब), तीन वर्षांपर्यंत. मृत्यू झाला तर १०६(१), पाच वर्षांपर्यंत. ही शिक्षा आणि हा दंड कुठलाच विमा भरत नाही. विमा असतो तो दिवाणी भरपाईसाठी आणि पॉलिसीत लिहिलं असेल तर वकिलाच्या खर्चासाठी.

---

दावेदप्तर

वरच्या प्रतिसादाला पुढे जोडतो. विमा मिळतो, पण "सायकल विमा" हे नाव बघून घेऊ नका. त्या नावानं विकल्या जाणाऱ्या पॉलिसींचा गाभा चोरी, मोडतोड आणि स्वाराचा वैयक्तिक अपघात हा असतो. दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी हा वेगळा विभाग. तो आहे की नाही हे जाहिरातीत दिसत नाही, पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये दिसतं. शेड्यूलमध्ये त्या विभागापुढे रक्कम लिहिलेली नसेल तर संरक्षण नाही, एजंटनं तोंडी काहीही सांगितलेलं असो.

दुसरी जागा म्हणजे घराची पॉलिसी. जुन्या धर्तीच्या हाउसहोल्डर पॅकेजमध्ये "पेडल सायकल" नावाचा स्वतंत्र विभाग असतो आणि "पब्लिक लायबिलिटी" हा आणखी वेगळा. दोन्ही ऐच्छिक, म्हणजे प्रीमियम भरून निवडले तरच लागू. आणि १ एप्रिल २०२१ पासून आलेली भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी इमारत आणि घरातल्या वस्तूंची आहे. तिच्या मूळ संरक्षणात तुमची रस्त्यावरची जबाबदारी येत नाही. गृहकर्जासोबत बँकेनं गळ्यात घातलेली पॉलिसी बहुधा याच प्रकारची असते.

कंपनीला ईमेलनं विचारायचे प्रश्न देतो. फोनवर विचारू नका, उत्तर लेखी हवं.

१. जबाबदारीचं संरक्षण घराच्या आवारापुरतं की भारतात कुठेही? पब्लिक लायबिलिटी विभागाची सगळ्यात मोठी मेख हीच. आवाराची अट असेल तर सोसायटीच्या फाटकाबाहेर तो कागद निरुपयोगी.

२. "यांत्रिक शक्तीनं चालणारं वाहन" हे अपवादांच्या यादीत आहे का? असेल तर बॅटरीची सायकल त्यात धरणार की नाही?

३. कुटुंबातलं कोण कोण धरलंय? शाळकरी मुलगा सायकल चालवत असेल तर?

४. शर्यत, वेळ मोजून केलेली राइड, कामाचा भाग म्हणून सायकल वापरणं (डिलिव्हरी, कुरिअर) वगळलंय का? बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं.

५. एका अपघाताची मर्यादा किती आणि वर्षाची किती? हे एओए आणि एओवाय असं छापलेलं असतं. वकिलाचा खर्च त्या मर्यादेच्या आत की बाहेर? आत असेल तर भरपाईला तेवढे कमी उरतात.

६. सुरुवातीची किती रक्कम आपण सोसायची?

रकमेबद्दल. लोक पाच-दहा लाखांवर थांबतात. हिशेब मांडून बघा. दिवाणी न्यायालयही साधारणपणे मोटार अपघातातल्या पद्धतीचाच आधार घेतं (सर्वोच्च न्यायालयाचे २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी हे निकाल). समजा मृत व्यक्ती ३५ वर्षांची, स्वतःचा छोटा व्यवसाय, महिना ३०,००० उत्पन्न, घरात चार जण अवलंबून. वर्षाचे ३,६०,०००. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ५,०४,०००. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून ३,७८,०००. या वयाचा गुणक १६. एकूण ६०,४८,०००, आणि वर अंत्यविधी, सहवास वगैरे ठरावीक रकमा. म्हणून ५० लाखांच्या खाली घेतलेलं संरक्षण फ्रॅक्चरपुरतं ठीक आहे, मोठ्या प्रसंगात तोकडं पडतं. मिळत असेल तर १ कोटी घ्या. मर्यादा दुप्पट केली म्हणून प्रीमियम दुप्पट होत नाही.

---

हबमोटर

त्या दोन किटवाल्या सायकलींकडे आधी बघा. माझ्या मते तुमच्या गटातली खरी जोखीम तिथे आहे, उरलेल्या अडतीस जणांत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम २(यू) नुसार बॅटरीवरचं वाहन "मोटार वाहन" नाही असं धरायला मोटरची ३० मिनिटांची (म्हणजे सलग अर्धा तास देता येणारी) शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोंपर्यंत लागतं. पायडल मारल्यावर मदत करणाऱ्या सायकलीला शक्तीची मर्यादा तीच. शिवाय वेग वाढेल तशी मदत कमी होत जाऊन २५ ला ती पूर्ण थांबली पाहिजे, आणि पायडल थांबवलं तर त्याआधीच. पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक हाही नियमाचाच भाग आहे. कंपनीतून आलेली मान्यताप्राप्त ई-सायकल यात बसते. बाजारातलं ४८ व्होल्ट ५०० वॉटचं किट बसत नाही.

बसलं नाही तर काय? ती सायकल दिसायला सायकल, पण कायद्याच्या नजरेत नोंदणी, लायसन्स आणि विमा नसलेली दुचाकी. विम्याशिवाय चालवल्याबद्दल कलम १९६ खाली पहिल्या वेळी २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पण दंड ही किरकोळ बाब आहे. अपघात झाला तर प्रकरण थेट न्यायाधिकरणात जातं, मालक म्हणून तुम्ही उभे राहता आणि शेजारी विमा कंपनीची खुर्ची रिकामी. साठ लाखांचा वरचा हिशेब पूर्ण तुमच्या एकट्याच्या नावावर. आणि सायकलस्वार म्हणून घेतलेली लायबिलिटी पॉलिसी "हे मोटार वाहन होतं" म्हणून हात वर करणार, तेही नियमाला धरून.

तपासायचं कसं:

मोटरच्या कवचावर आणि कंट्रोलरच्या लेबलवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. ३६ व्होल्ट × १५ अँपिअर म्हणजे ५४० वॉट, हा क्षणिक उच्चांक. नुसत्या त्यावरून बेकायदा ठरत नाही, कारण नियमात ३० मिनिटांची शक्ती आहे. पण मोटरवरच ३५० किंवा ५०० लिहिलं असेल तर वादाला जागा नाही.

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये चाकाचा व्यास बघा. चाक २६ इंची आणि सेटिंग २० इंची ठेवलं तर डिस्प्लेवर २५ दिसतात तेव्हा सायकल प्रत्यक्षात ३२.५ ने पळत असते. वेगमर्यादा "उघडून" देणारे दुकानदार हेच करतात. मोबाइलच्या जीपीएसशी सपाट रस्त्यावर ताडून बघा, मिनिटात कळतं.

ब्रेक. ताशी २५ वरून ३५ वर गेलात की गतिज ऊर्जा (३५÷२५)² म्हणजे जवळपास दुप्पट होते, आणि थांबायचं अंतरही त्याच प्रमाणात. साध्या सायकलचे रिमवर घासणारे रबरी ब्रेक पावसात त्याला पुरत नाहीत. ब्रेकच्या मुठीत मोटर तोडणारा स्विच हवाच. किट बसवताना मूळ मुठी तशाच ठेवून तो स्विच गाळला जातो, मग तुम्ही ब्रेक दाबता आणि मोटर तुम्हाला पुढे ढकलत राहते.

पुढच्या चाकात मोटर असेल तर टॉर्क आर्म (एक्सल जागच्या जागी फिरू नये म्हणून काट्याला बांधायची धातूची पट्टी) आहे का? एक्सल १२ मिलिमीटरचा असतो, दोन बाजूंनी १० मिलिमीटरला सपाट केलेला, आणि मोटरचा सगळा पीळ त्या सपाटीवर येतो. अॅल्युमिनियमच्या काट्यात टॉर्क आर्म नसेल तर खाच पसरते, एक्सल गरकन फिरतो, वायर तुटते आणि चाक निसटतं. तेव्हा समोर कोण चालत असेल ते आपल्या हातात नसतं.

त्या दोन सायकली नियमात आणा, नाहीतर गटातून बाहेर ठेवा. यात मधला मार्ग मला दिसत नाही.

---

तोक्योवासी

सक्ती केल्यावर काय होतं याचं जिवंत उदाहरण जपान आहे, म्हणून लिहितोय. इथे शाळकरी पोरं, आज्या, पुढे-मागे लेकरं बसवलेल्या आया, सगळे सायकलवर, आणि पुष्कळदा फुटपाथवरच. २०१३ मध्ये कोबेच्या जिल्हा न्यायालयानं अकरा वर्षांच्या मुलाच्या सायकलची धडक बसलेल्या साठीच्या बाईंच्या प्रकरणात मुलाच्या आईला सुमारे ९ कोटी ५० लाख येन भरायला सांगितले. इथल्या दिवाणी संहितेत लहान मुलाच्या कृत्याची जबाबदारी सांभाळणाऱ्यावर येते. त्यानंतर ह्योगो प्रांतानं ऑक्टोबर २०१५ पासून सायकलचा विमा बंधनकारक केला, तोक्योनं एप्रिल २०२० पासून. बहुतेक प्रांत मागोमाग आले.

बंधनकारक असला तरी तोक्योत विमा नाही म्हणून दंड नाही. मग लोक का घेतात? कारण तो सहज मिळतो. घराच्या आगीच्या विम्याला किंवा गाडीच्या विम्याला वैयक्तिक जबाबदारीचं जोडकलम लावलं की अख्खं कुटुंब त्यात येतं. म्हणून एदोगावात वगैरे राहणाऱ्या मराठी मंडळींना सांगणं, नवीन पॉलिसी घेण्याआधी भाड्याच्या घरासोबत घ्यावा लागलेला "कासाइ होकेन", म्हणजे आगीचा विमा, उघडून बघा. बऱ्याचदा हे कलम त्यात आधीच असतं आणि लोक दुसऱ्यांदा पैसे भरतात.

दुसरा प्रकार टीएस मार्क. अधिकृत मेकॅनिक सायकल तपासतो, दुरुस्त करतो आणि फ्रेमवर चिकटपट्टी लावतो. वर्षभराचा विमा त्या चिकटपट्टीला जोडलेला, स्वार कोणीही असो. तपासणी आणि विमा एकत्र बांधायची ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण झिजलेलं ब्रेक रबर बदललं गेलं की अपघातच टळतो. मर्यादा लक्षात ठेवा: टीएस मार्क वस्तूंचं नुकसान भरत नाही आणि वर्ष उलटलं की संपतो.

आणि "जिदान कोशो", म्हणजे समोरच्याशी तडजोडीची बोलणी कंपनीनं करणं, हे पॉलिसीत आहे का ते जरूर बघा. रकमेच्या आकड्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

---

चाकपट्टी

गटाच्या नियमाबद्दल काहीच हरकत नाही. पण "सगळ्या सायकलस्वारांना सक्ती करा" या टोकाला चर्चा जाऊ नये म्हणून लिहिते.

आपल्याकडे पहाटे सायकलवर असतो तो पेपर टाकणारा, दूधवाला, एमआयडीसीतला वॉचमन, बांधकामावरचा मजूर. त्यांची सायकल सेकंडहँड असते. त्यांच्याकडून वर्षाला काहीशे रुपये आणि कागद मागणं म्हणजे त्यांना सायकलवरून उतरवणं. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घेऊन बिल्ला देत. तो गोळा करायची यातायातच मोठी होती, आणि अपघातग्रस्ताला त्यातून काही मिळत नव्हतं.

स्वित्झर्लंडनं सक्ती करून पाहिली आहे. तिथे सायकलला दरवर्षी विम्याची चिकटपट्टी लावावी लागे, संरक्षण २० लाख फ्रँकचं. २०१२ पासून त्यांनी ती पद्धत बंद केली, कारण बहुतेकांकडे खासगी जबाबदारी विमा आधीच होता आणि चिकटपट्टीच्या कारभाराला अर्थ उरला नव्हता. म्हणजे त्यांनी विमा सोडला नाही, विमा सायकलवरून उचलून माणसाला जोडला. आपल्याकडे तो खासगी विमाच घराघरात नाही. मागणी करायचीच तर अशी करू या, की कलम १६१ च्या निधीसारखी सोय सायकलच्या धडकेत जखमी झालेल्या पादचाऱ्यालाही मिळावी. त्याला वेळेवर उपचार मिळणं हे स्वाराला कागद बाळगायला लावण्यापेक्षा जास्त गरजेचं आहे.

---

कलम१४६

चाकपट्टी ताईंशी सहमत. ज्यांना परवडतो त्यांनी मात्र घ्यावा.

आता अपघाताच्या जागी काय करायचं ते, कारण चांगली पॉलिसीसुद्धा पहिल्या दहा मिनिटांत हातची जाते.

आधी जखमी माणूस. १०८ ला फोन, गरज असेल तर ११२. सोबत दवाखान्यात जा, निघून जाऊ नका. माणुसकीचा भाग तर आहेच, पुढे न्यायालयातही तुमचं वागणं बघितलं जातं. सायकल हलवण्याआधी चार फोटो: दोन्ही बाजूंनी रस्ता, सायकलची जागा, ब्रेकचे रबर आणि दिवा, आजूबाजूचे सीसीटीव्ही. दोन साक्षीदारांचे नंबर.

"माझीच चूक, सगळं भरून देतो" असं तोंडी बोलू नका, लिहून तर अजिबात देऊ नका. जबाबदारीच्या पॉलिसीत बहुतेक वेळा अट असते, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि तडजोड करायची नाही. ती मोडली तर दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. तातडीच्या उपचाराला पैसे द्यायचेच असतील तर थेट दवाखान्याच्या खात्यात भरा, पावती घ्या आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेलनं कळवा.

गाडीला ओरखडा गेला असेल तर मालक रोख का मागतो ते समजून घ्या. त्यानं स्वतःच्या विम्यातून दावा केला तर त्याचा नो क्लेम बोनस जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे त्याची मागणी अगदीच अवास्तव नसते. अंदाजपत्रक मागा, रक्कम ऑनलाइन द्या, आणि "या घटनेबाबत आणखी मागणी नाही" एवढं लिहून सही घ्या. हा सगळा प्रकार पॉलिसी नसेल तेव्हाचा. पॉलिसी असेल तर आधी कंपनीला विचारायचं.

गटाच्या राइड काढत असाल तर सदस्यांकडून "स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे" असा अर्ज भरून घेता ना? तो सदस्य आणि गट यांच्यातला झाला. धक्का लागलेल्या पादचाऱ्यानं त्यावर सही केलेली नाही, त्याला तो बांधील नाही.

---

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. नियमाचा मसुदा असा केला आहे:

"बॅटरीच्या सायकलवर मोटर २५० वॉटपेक्षा जास्त नसावी आणि २५ च्या पुढे मदत बंद व्हावी. जीपीएसनं ताडून नोंद ठेवली जाईल. बाहेरून बसवलेलं किट या मर्यादेत नसेल तर सदस्यत्व नाही. सहा महिन्यांतून एकदा ब्रेक, दिवे आणि घंटी यांची तपासणी. जबाबदारी विमा ऐच्छिक, पण राइडच्या पुढाऱ्यांना आवश्यक, किमान ५० लाख, भारतात कुठेही लागू असल्याची लेखी खात्री जोडून. अपघात झाल्यास गटाच्या व्हॉट्सअॅपवर लगेच कळवावं."

काही सुटलंय का?

---

दावेदप्तर

मसुदा चांगला आहे. दोन दुरुस्त्या. नियमात "२५० पेक्षा कमी" आणि "२५ ला किंवा त्याआधी बंद" असं आहे, तुमचे शब्द तसेच करा. आणि शेवटचं वाक्य बदला. व्हॉट्सअॅपवर घाईघाईत लिहिलेलं "सॉरी, माझं लक्ष नव्हतं" हे उद्या पुरावा म्हणून छापून येतं. तिथे फक्त "अपघात झाला आहे, जागा अमुक, मदत हवी" एवढंच लिहायचं, आणि बाकी तपशील विमा कंपनीच्या ईमेलवर.